बोरमाळावरचा हेंडगा

यंदा बोरमाळावरचं गवत सादियाच्या छातीला लागत होतं. चराईबंदी झाल्यापासून माळावर ना शेळी चढली, ना विळा लागला. पावसाळ्यात ते हिरवंगार उभं राहिलं, दिवाळीनंतर सोनेरी झालं आणि आता मार्गशीर्षात त्याच्यातून वारं गेलं की कोऱ्या कागदासारखं वाजायचं. लातूरहून सुट्टीला येणारी पोरंपोरी त्या गवतात उभी राहून फोटो काढायची. सादिया वनरक्षक होती. तिला त्या गवताकडं बघितलं की झोप लागायची नाही.

बोरमाळ म्हणजे रेणापूरच्या अलीकडचा, वनखात्याच्या ताब्यातला उतरता माळ. पायथ्याला पाझर तलाव. माणसांनी यावं, झाडाखाली बसावं, पोरांना पाखरं दाखवावीत म्हणून तिथं निसर्ग पर्यटन केंद्र केलेलं. गेट, बसायला चार-पाच सिमेंटच्या छत्र्या, घसरगुंडी आणि माथ्यावर निरीक्षण मनोरा. मनोऱ्याकडं जाणारी पाऊलवाट नकाशातच मुद्दाम अरुंद ठेवलेली होती. माणसाला गवतातून चालल्यासारखं वाटावं म्हणून. वाटतही तसंच होतं. दोन्ही बाजूंनी कुसळं अंगाला लागायची.

बाळंतपणाची रजा संपवून सादिया कामावर आली, तेव्हा तिनं पहिल्यांदा ही वाट चालून बघितली आणि तशीच साहेबांकडं गेली.

"साहेब, जाळरेषा येळवशीच्या आधी काढायला पाहिजेत."

जाळरेषा म्हणजे गवताचा रुंद पट्टा कापून, जाळून मोकळा ठेवायचा, की लागलेली आग त्याच्या पलीकडं जात नाही. आणि येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, त्या दिवशी लातूरकडची घरंच्या घरं रानात पूजा करून तिथंच जेवतात.

साहेबांनी चष्मा काढला. "आगीचा हंगाम फेब्रुवारीत धरतात, सादिया."

"आपल्याकडं येळवशीला धरायला पाहिजे."

"मला काय ते कळत नाही? मी औशाचाय. माझ्या आजानं हेंडग्यानं स्वतःची गंज पेटवून घेतली होती." साहेब हसले, मग हसायचे थांबले. "पण मजूर लावायची मंजुरी फेब्रुवारीच्या आत येत नाही. लिहून पाठवतो मी. पाठवलंय म्हण."

"मग त्या दिवशी गेट बंद ठेवू."

"अख्खं लातूर त्या दिवशी रानात जातं. ज्याला रान नाही त्यानं कुठं जायचं? त्यांच्यासाठीच तर केलं ना आपण हे? बंद ठेवलं तर कुंपण वाकवून येतील. मग कोण कुठून शिरलं, कुठं चूल मांडली, काही कळायचं नाही आपल्याला. उघडं ठेव. बसायची जागा ठरवून दे. अंधाराच्या आत सगळे बाहेर."

साहेबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तिला तेच अवघड गेलं. चुकीचं असतं तर भांडता आलं असतं.

तिनं आपल्यापरीनं आखणी केली. माणसं तळ्याच्या अंगाला, छत्र्यांच्या आसपास बसतील. चुली सिमेंटच्या ओट्यावरच. त्याच्या वर, जिथून उंच गवत सुरू होतं, तिथं आडवा दोर. दोराच्या पलीकडं कुणी जायचं नाही. गेटवरचा रोजंदारी वॉचमन हरिओम आणि ती, दोघांनी मिळून दोराला लाल चिंध्या बांधल्या. दोराखालचं थोडं गवत दोघांनीच कापलं. दुपारी हरिओम म्हणाला, "मॅडम, तुमचा शर्ट…" तिनं खाली बघितलं. दूध झिरपून खाकीवर डाग पडला होता. तान्ह्या अर्शियाला पाजायची वेळ झाली होती आणि अर्शिया घरी होती. हरिओम तोंड फिरवून विळ्याला धार लावत बसला.

*

घरी तिचे सासरे अजीज कापसात बसलेले असायचे. पिंजाऱ्याचं घर. आता मशीन पिंजतं, पण गादी भरायची ती त्यांच्याच हातानं. अर्शियासाठी त्यांनी एवढीशी दुलई भरली होती, जुन्या साड्यांच्या कापडाची, आणि टाका असा बारीक घातला होता की पोरीच्या नखात अडकायला नको. मुलगा यासेर, सादियाचा नवरा, अहमदपूरला दुकान बघायचा, त्याला म्हातारे म्हणायचे, "तू गिऱ्हाईकाला गाद्या विक. हिची दुलई मी बघतो."

त्या संध्याकाळी त्यांच्याशेजारी ग्यानोबा बसला होता. एवढ्यानंच सादियाला कळलं, की काहीतरी ठरवून बसलेत.

ग्यानोबाचं शेत बोरमाळाच्या पायथ्याला होतं. त्याचा कापूस पिंजायला अजीजकडं यायचा, तेव्हापासूनची दोघांची दोस्ती. दर येळवशीला अजीजचं सगळं घर ग्यानोबाच्या शेतातल्या कडब्याच्या कोपीत जेवायला. यासेर त्या कोपीत रांगलेला. मग तलाव झाला. अर्धं शेत पाण्याखाली गेलं, अर्धं कुंपणात आलं. त्यानंतर येळवशीच्या दिवशी ग्यानोबा आतून कडी लावून झोपून राहायचा. बायको गुणाबाईनं हाक मारली तरी उठायचा नाही.

"मॅडम, एक इनंती होती," ग्यानोबा म्हणाला.

"काका, मी तुमची मॅडम कधीपासून झाले?"

"वर्दी हाय तवर मॅडम. वर्दी काढून ये, मंग सूनबाई म्हनतो."

"वर्दी असू दे बेटी," अजीज म्हणाले. "काम वर्दीचंच हाय ह्याचं."

ग्यानोबाला त्याच्या जुन्या जागेवर कोपी घालायची होती. तळ्याच्या काठाला, जिथं त्याचा बांध पाण्यात उतरतो तिथं. कडब्याच्या पाच पेंढ्या, चुना लावलेले पाच दगड म्हणजे पाच पांडव, जेवण. बास.

"दे की," अजीज म्हणाले. "गुणाबाईच्या हातची भज्जी न खाताच मरू का मी?"

"तू मरतोय व्हय, मियाँ! आमाला समद्यांला पोचवूनशान जाशील तू."

सादियाला हसू आलं. तळ्याकाठची जागा तिच्या आखणीतलीच होती. "बसा काका. पण हेंडगा नाही."

दिवस मावळताना वाळल्या गवताची पेंडी पेटवायची आणि आरोळी ठोकत शेताभोवती पळत फिरवायची. पिकावरची इडापिडा त्या जाळाबरोबर शेताबाहेर जाते. त्याला हेंडगा म्हणतात. लातूरकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

"मंग जेवायचं अन् हात धुवून घरी यायचं?" ग्यानोबा म्हणाला. "त्याला येळवस म्हनत न्हाईत सूनबाई. त्याला पंगत म्हनतेत."

"पीक कुठंय काका, आता?"

"पान्याखाली हाय. म्हनून काय झालं?"

अर्शिया सादियाच्या मांडीवर बसून वर्दीवरचा बिल्ला चोखत होती. तिनं पोरीच्या तोंडातून बिल्ला काढला, पुसला, आणि तिला एक वाट दिसली. काठावर चिखल असतो. चिखलात काही पेटत नाही.

"पाण्याच्या कडेनं फिरवा," ती म्हणाली. "चिखलातून. वर एक पाऊल नाही. आणि फेरी झाली की तिथंच पाण्यात बुडवायचा."

"हाव!" ग्यानोबा उठूनच उभा राहिला. "माजं रान पान्यातच हाय. त्याच्याच कडंनं फिरवतो की."

आतून तिच्या सासूबाई चांदबी म्हणाल्या, "नोकरी जाती गे तेरी, ऐसे कामां में."

"तेरेकू भज्जी नक्को क्या?" अजीज ओरडले. चांदबींना भज्जी हवी होती.

*

येळवशीला सकाळपासून टेम्पो येत होते. सादियानं एवढी माणसं बोरमाळावर कधी बघितली नव्हती. बघून तिला भीती वाटली आणि बरंही वाटलं. भाड्याच्या खोल्यांत राहणारी, यार्डात पोती उचलणारी, शिकवण्या घेणारी, ज्यांची रानं प्लॉट पडून विकली गेली ती. कुणाकडं कोपीला कडबा नव्हता, म्हणून दोन काठ्यांवर लुगडं टाकलेलं. कुणी येताना रस्त्यातूनच पाच दगड उचलून आणलेले, कुणाचा चुना घाईत नीट लागलेला नाही. एका बाईनं पाटावर मातीची पसाभर ढेकळं ठेवली होती. सादियानं विचारलं तर म्हणाली, "आमच्या वावरातली हायती. इकलं तवा काढून ठिवली व्हती."

ग्यानोबाची कोपी मात्र खरी होती. कडब्याची, आत गारवा असलेली, पांडवांपुढं ज्वारीची कणसं. गुणाबाईनं सगळं केलं होतं: शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि मडकंभर आंबट ताकाची अंबील. बोळक्यातलं दूध उतू घातलं तेव्हा ते उगवतीकडं सांडलं.

"बघ मियाँ! औंदा पीक जोरात."

"कशाचं रे? माश्यांचं?"

ग्यानोबा इतका हसला की त्याला ठसका लागला. गुणाबाई चांदबींना म्हणाली, "ह्यांना हसताना बघून किती साल झालं बगा, भाभी." आणि पदर डोळ्याला लावला.

सादिया घटकाभर येऊन कोपीत बसली. पाठ करून अर्शियाला पाजलं. पोरीनं एक हात तिच्या मानेवर ठेवला होता, पोटभर पिऊनही तो काढत नव्हती. गुणाबाईनं बोटानं अंबिलीचा थेंब तिच्या जिभेवर लावला. अर्शियानं असं तोंड केलं की सगळी कोपी हसली. मग शिट्टी वाजली, कुणीतरी घसरगुंडीखाली चूल पेटवत होतं, आणि सादिया पोरीला अजीजच्या हातात देऊन पळाली.

दुपार कलली. हरिओमला मनोऱ्याच्या वाटेवर दोरापाशी उभं करून ती गेटवरून माणसं बाहेर काढू लागली. "चला, चला, दिवस असेपर्यंत घरी." काही निघाली. बरीचशी म्हणाली, "जातो की बाई, पोरं खेळायलीत." वारं फिरलं होतं. तळ्याकडून माथ्याकडं वाहू लागलं होतं, थंड आणि एकसारखं. तिनं गवताकडं बघितलं. सगळं गवत एका अंगाला, माथ्याकडं वाकलं होतं.

दिवस टेकला तेव्हा ग्यानोबानं हेंडगा पेटवला.

तिनं गेटवरून बघितलं. त्यानं सगळं ठरल्याप्रमाणं केलं. चिखलात उतरला, धोतर खोचलं, आणि पेटती पेंडी डोक्यावर धरून पाण्याच्या कडेनं पळाला. म्हातारा माणूस, पाय रुतत होते, पण आरोळी अशी की तळ्याच्या पलीकडच्या टेकडीवरून परत आली. बांधाच्या टोकाला जाऊन त्यानं हेंडगा पाण्यात घातला. चर्र झालं. पांढरी वाफ आली. झालं.

सादियानं श्वास सोडला.

आणि मग छत्रीखालचा एक माणूस उठून उभा राहिला. पन्नाशीचा, पँट-शर्टातला, चांगल्या घरचा. ग्यानोबाच्या आरोळीनं त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं होतं. तो खाली वाकला, कापून पडलेल्या गवताचा मूठभर पुंजका उचलला, पिळा दिला आणि ओट्यावरच्या विस्तवात धरला. "आमच्या तात्यासारखी आरोळी हो!" तो बायकोला म्हणाला आणि पळत सुटला. त्याला बघून दुसरा. मग तिसऱ्यानं गवत उपटलं. बाया पोरांना म्हणू लागल्या, "जा रं, तूबी फिरव. बघ कसं करतेत." ज्याच्या त्याच्या घरात कधीतरी एक शेत होतं आणि त्या शेताला एक आरोळी होती.

सादियानं जीव खाऊन शिट्टी वाजवली. शिट्टीनं आरोळ्या आणखी वाढल्या. लोकांना वाटलं, गंमतच चालू आहे. "विझवा! विझवा!" करत ती धावली. एकाच्या हातातला हेंडगा तिनं हिसकावून चिखलात दाबला, दुसऱ्याचा लाथेनं. "अहो बाई, सणाचं हाय!" कुणी रागावलं.

सणाचं होतं म्हणूनच ते घडलं. हेंडग्याची फेरी झाली की उरलेला जळका बुडखा शिवेच्या पार टाकायचा असतो. इडापिडा आपल्या हद्दीत ठेवायची नसते. ह्या माणसांना इथं हद्द एकच दिसत होती. लाल चिंध्या बांधलेला दोर. फेरी झाली आणि एकेकानं, जसं त्याच्या बापानं शिकवलं होतं तसं, पाठ फिरवून, मागं न बघता, आपला हेंडगा दोराच्या पलीकडं टाकला.

आधी आवाज आला. मग वारं आल्यासारखं वाटलं, पण ते वारं नव्हतं. मग सगळ्या माळाचा रंग बदलला.

माणसं खाली तळ्याकडं धावली, पाण्यात शिरली. त्या बाजूनं वारं असल्यामुळं खालची माणसं वाचली. पुढंही सगळे हेच म्हणत राहिले, की खालचे सगळे वाचले. सादिया ओली फांदी घेऊन दोराच्या कडेला झोडपत होती. हरिओम आग विझवायचं ब्लोअर मशीन आणायला पळाला आणि रिकाम्या हातानं परत आला. त्यात पेट्रोल नव्हतं, हंगाम सुरू झाला नव्हता. तेवढ्यात चांदबी तिच्यापर्यंत आल्या. अनवाणी. त्या फक्त वर बोट दाखवत होत्या.

"अर्शिया कुठंय?" सादियानं विचारलं. विचारतानाच तिला कळलं.

"अब्बा… लेको गए. मनोरे पे. लातूर दिखाता बोले."

तिनं हरिओमकडं बघितलं. "मॅडम, सगळ्यांना अडवलं मी. ते… तुमचे सासरे. त्यांना कसं अडवू?"

*

आगीच्या पुढं जाता येत नाही. आगीच्या मागून जावं लागतं, जळून गेलेल्या जमिनीवरून. प्रशिक्षणात शिकवलेलं हे एवढंच तिला आठवत होतं. बाकी काही डोक्यात नव्हतं. रुमाल भिजवून तोंडाला बांधला आणि ती काळ्यात शिरली. बुटांचे तळवे मऊ पडत होते. पाऊलवाट ओळखू येत नव्हती. गवत नाही म्हटल्यावर वाट कसली? पुढं आग माथ्याकडं चढत होती आणि मनोरा धुरात होता. ती हाका मारत होती, पोरीला, अब्बांना, आणि मध्येच कुणाला ते तिलाही माहीत नव्हतं. छाती दुधानं भरून दगडासारखी झाली होती. त्या दुखण्यावरूनच तिला वाटत होतं, की पोरगी आहे. अजून आहे.

मनोऱ्याच्या अलीकडं प्राण्यांना पाणी प्यायला केलेली सिमेंटची उथळ बशी होती. तिच्यात पावसाचं हिरवं, घोट्याइतकं पाणी राहिलेलं. अजीज त्यात बसले होते. माथ्याकडं पळून उपयोग नाही हे त्यांना कळलं असावं. गुडघ्यांनी त्यांना पळू दिलंही नसतं. आगीकडं पाठ करून, पुढं वाकून बसले होते. नमाजाला वाकतात तसे. पाठीवरचा सदरा नव्हता. सदरा कुठं संपला आणि पाठ कुठं सुरू झाली, हे सादियाला बघवलं नाही.

"अब्बा!"

त्यांनी मान वर केली. भुवया नव्हत्या. "भिगाया मैं," ते म्हणाले. "दुलई भिगाया. भिगा हुआ कापूस जलता नै."

त्यांच्या पोटाखाली, छोट्या दुलईच्या गाठोड्यात, अर्शिया होती. डोळे उघडे. ओठ काळे. रडत नव्हती. तिनं आईकडं बघितलं आणि ओळख दाखवली नाही.

सादियानं तिला उचललं, उलटं केलं, पाठीवर थापटलं. पुन्हा थापटलं. मग एक बारीक, कोरडा खोकला आला, म्हाताऱ्या माणसाचा असतो तसा. आणि त्याच्या मागून रडणं.

"रोई," अजीज म्हणाले. "रोई ना?" आणि बशीच्या काठावर कलंडले.

*

लातूरच्या दवाखान्यात ते काही दिवस होते. बोलत होते. यासेरला दुकानातल्या एका गिऱ्हाइकाची गादी अर्धी राहिलीय ते सांगत होते. ग्यानोबा बाहेरच्या बाकावर बसून असायचा. आत यायचा नाही. अजीजनी एकदा त्याला बोलावलं तर दारातूनच परत गेला. त्यानंतर त्यांनी बोलावलं नाही. पहाटेच्या अजानच्या सुमाराला ते गेले. यासेर जवळ होता. सादिया खालच्या मजल्यावर, अर्शियाच्या नाकाला वाफेची नळी धरून बसली होती.

दफन झाल्यावर साहेब घरी आले. चटईवर बसले, पाणी प्यायले नाहीत.

"वरून नाव मागतायत," ते म्हणाले. "शंभर माणसांनी पेटवला. कुणाचं नाव माहीत आहे? एकाचंच माहीत आहे. आणि तो स्वतःच चौकीत जाऊन बसलाय. म्हणतो, मीच लावली, मला आत घाला."

"काकांचा हेंडगा पाण्यात विझला, साहेब. मी बघितलंय."

"तसं लिहिलंस तर पुढचा प्रश्न येईल. परवानगी कुणी दिली."

"मी दिली."

साहेबांनी दुलईकडं बघितलं. दोरीवर वाळत घातलेली होती, एका बाजूनं करपलेली. "पोर लहान आहे तुझं," ते म्हणाले. "विचार कर."

तिनं विचार केला. पोरीला पाजता पाजता केला, खोकल्याची उबळ आली की थांबवून, ती शमली की पुन्हा. मग जसं झालं तसं लिहून दिलं. दोर कुठं बांधला, वारं कुठून होतं, कोणाचा हेंडगा कुठं विझला, आणि परवानगी कोणी दिली. जाळरेषा मागितल्या होत्या हेही लिहिलं, पण ते वाचताना तिलाच सारवासारव वाटली. अर्ध्या आठवड्यात तिचं निलंबन आलं. बोरमाळाच्या गेटला कुलूप लागलं, आत जायला मनाई असल्याची पाटी लागली. ग्यानोबाला सोडून दिलं.

तो घरी गेला नाही. सरळ इकडं आला.

चांदबी इद्दतीत होत्या. नवऱ्यामागं बाईनं परपुरुषासमोर यायचं नाही असे ते दिवस. दाराला पडदा होता. ग्यानोबा पडद्याबाहेर, पायरीवर बसला. पागोटं काढून मांडीवर ठेवलेलं. सादियानं पाणी दिलं, त्यानं बाजूला ठेवलं.

"भाभी," तो म्हणाला.

आत हालचाल झाली. चांदबी पडद्याला लागून येऊन बसल्या असाव्यात. खालून त्यांची बोटं दिसत होती.

"ग्यानोबाभाऊ," त्या मराठीत म्हणाल्या. त्याच्याशी त्या नेहमी मराठीतच बोलत. "तुमचा विझला होता म्हणे."

"इझला व्हता."

"सादियानं तसंच लिहून दिलं."

"मला नगं व्हतं तसं. मला आत राहू द्यायला पायजे व्हतं." त्यानं पागोट्याची गुंडाळी सोडली, पुन्हा बांधली. "माजा इझला, भाभी. पर माजा बघूनच पेटवला समद्यांनी. मी वरडलो नसतो तर कुनाला आठवलंबी नसतं."

सादियाला वाटलं, आता चांदबी म्हणतील, तुमचा काय दोष. गावात सगळे तेच म्हणत होते, तिला आणि ग्यानोबालाही. तिनं वाट बघितली. ग्यानोबाही वाट बघत होता, मान खाली घालून, लहान मूल मार बसायची वाट बघतं तसा.

"मी काय सांगू तुम्हाला," चांदबी शेवटी म्हणाल्या. "माफ केलं म्हणू? माझ्या मनात अजून ते आलेलं नाही. खोटं कसं बोलू. तुम्ही त्यांचे दोस्त."

"न्हाई, नगा बोलू," ग्यानोबा घाईनं म्हणाला. "नगाच बोलू."

"गुणाबाईला पाठवत जा. ती येऊ दे."

"हाव."

"तुम्ही नका येऊ. इतक्यात नका येऊ."

"हाव, भाभी."

पण त्याला उठता येईना. त्यानं दोनदा जमिनीला हात टेकून बघितला. तेवढ्यात पडद्याची खालची कड हलली आणि अर्शिया बाहेर आली, रांगत, खोकत. आजकाल ती खोकतच रांगायची. डॉक्टर म्हणाले होते, किती दिवस राहील सांगता येत नाही. ती उंबऱ्यावर चढली. पुढं पायरी होती आणि पायरीवर ग्यानोबा.

सादिया उठणार होती. पडद्याआडून चांदबींचा हात पोरीच्या झबल्याकडं आला, पोचला नाही, आणि तिथंच थांबला.

ग्यानोबानं पोरीला उचललं नाही. तिच्याकडं बघितलंही नाही. त्यानं फक्त आपला तळवा पायरीच्या कडेला आडवा लावला, ती पडू नये इतपतच, आणि तसाच धरून ठेवला. अर्शियानं त्या हातावर आपला हात ठेवला, जोर देऊन थोडी उठली, आणि खोकू लागली. उबळ लांबली. आत चांदबी हळू आवाजात दुआ पुटपुटू लागल्या. अर्शियाचं खोकणं थांबेपर्यंत ग्यानोबानं हात हलवला नाही.